समुद्र सपाट नसतो

जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, धुळे. यांतल्या कोणत्याही जुन्या स्टेशनवर पिवळी पाटी पाहा. गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत बहुधा एक ओळ असते, समुद्रसपाटीपासूनची उंची. जळगाव-भुसावळकडे ही उंची दोनशे मीटरच्या थोडी वर आहे. गाडीची वाट पाहत उभी असलेली लेकरे ही ओळ वाचतात आणि विचारतात, "इथे समुद्र कुठे आहे?" आईबाप घाईत असतात, गाडी येते आणि प्रश्न फलाटावरच राहून जातो. या आठवड्याच्या सदरासाठी आम्ही तोच प्रश्न उचलला आहे.

समुद्रसपाटी म्हणजे नेमकी कुठली सपाटी? समुद्राचे पाणी तर दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. मग उंची कुठून मोजायची? त्यासाठी इंग्रजी अमदानीत सर्व्हे खात्याने कराची, मुंबई, कारवार, कोचीन, मद्रास, विशाखापट्टणम अशा नऊ बंदरांवरच्या पाण्याच्या नोंदी घेतल्या. वर्षानुवर्षांच्या त्या नोंदींची सरासरी काढून १९०९ साली देशासाठी एक शून्य रेषा ठरवली. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याची पातळी मोजली जात आहे. म्हणजे पाटीवरची ती 'सपाटी' ही हिशेबातली सरासरी आहे. खऱ्या समुद्रावर तशी सपाट जागा एका क्षणापुरतीही सापडत नाही.

आणि वाचकहो, हा केवळ पाठ्यपुस्तकातला बारकावा नाही. समुद्राचे पाणी कुठे उंच आहे, कुठे खोल गेले आहे आणि ते केव्हा बदलणार आहे, हे पाहूनच जहाजाची वेळ आणि वाट ठरते. त्या जहाजात रावेर-यावलची केळी असतात, जळगाव-धुळ्याच्या कापसाच्या गाठी असतात. घाटावर पोहोचायला आपल्याला रात्रभराचा प्रवास लागत असला, तरी समुद्राचा चढउतार आपल्या मजुरीपर्यंत येऊन पोहोचतो.

तापी आणि सुरतेची जहाजे

आपली तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते. बऱ्हाणपूर, जळगाव, धुळे, नंदुरबार करीत सुमारे ७२४ किलोमीटर वाहून ती सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळते. सतराव्या शतकात सुरत हे मोगल राज्याचे मोठे बंदर होते. बऱ्हाणपूरचे कापड आणि खानदेशचा माल नंदुरबारच्या वाटेने बैलांच्या तांड्यांवर लादून सुरतेला जाई.

पण मोठी जहाजे सुरतेपर्यंत येऊ शकत नसत. तापीच्या मुखाशी गाळ साचून पाणी उथळ झाले होते. म्हणून इंग्रजांची आणि डचांची मोठी जहाजे सुरतेपासून काही कोसांवर, सुवाळीच्या किनाऱ्याजवळ खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत. माल होड्यांत किंवा बैलगाड्यांत घालून तिथवर न्यावा लागे. नदीतून जाणारी लहान गलबते भरतीची वाट पाहत. भरतीचे पाणी नदीत चढले की त्याच्याबरोबर आत, आणि ओहोटी लागली की बाहेर. खानदेशच्या मालाचे वेळापत्रक तेव्हाही पाण्याच्या उंचीवरच चालत होते.

खंबातचे आखात तर या बाबतीत जगातल्या ठळक जागांपैकी एक आहे. आखाताचा आकार नरसाळ्यासारखा आहे, तोंडाशी रुंद आणि आत जाताना अरुंद व उथळ. भरतीचे पाणी आत शिरते, त्याला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून ते वर चढते. भावनगरला मोठ्या भरतीच्या वेळी ओहोटीच्या आणि भरतीच्या पाण्यात दहा मीटरच्या वर फरक पडतो. तीन मजली चाळ सकाळी कोरडी उभी आहे आणि दुपारी गच्चीपर्यंत बुडाली आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. भावनगर बंदराला म्हणूनच दरवाजा बसवावा लागला. भरतीला जहाज आत घ्यायचे आणि दार लावून पाणी कोंडून ठेवायचे. त्याच किनाऱ्यावर अलंगला १९८३ पासून जुनी जहाजे मोडीत काढतात. तिथे जहाज मोठ्या भरतीला पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवतात. पाणी उतरले की ते चिखलात बसते आणि कामगार तोडायला लागतात.

अमावास्या कोणासाठी वाईट?

आता एक गंमत पाहा. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत म्हणतात, अमावास्येला प्रवासाला निघू नये, नवे काम हाती घेऊ नये. बंदरावर नेमके उलट आहे. सगळ्यांत खोल बुडणारी जहाजे आत-बाहेर करायला अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपासचे दिवस सोयीचे असतात.

याचे कारण आकाशात आहे. चंद्र आणि सूर्य दोघेही पृथ्वीवरचे पाणी ओढतात. चंद्र जवळ असल्यामुळे त्याची ओढ जास्त, सूर्याची त्याच्या निम्म्याहून कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला हे दोघे पृथ्वीशी एका रेषेत येतात, दोघांच्या ओढीची बेरीज होते आणि पाणी जास्त चढते, जास्त उतरते. कोकणातले कोळी बांधव त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ओढी एकमेकींना काटकोनात येतात आणि चढउतार कमी होतो, त्याला भांग म्हणतात. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला सरासरी फरक साडेतीन मीटरहून थोडा अधिक, तर भांगाला दीड मीटरच्या आसपास असतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते, कारण चंद्रही रोज तितकाच उशिरा उगवतो.

यात शुभ-अशुभ काही नाही. गणित आहे. देहरादूनला सर्व्हे ऑफ इंडिया हे गणित करून पुढच्या वर्षाची भरती-ओहोटीची कोष्टके आधीच छापते. कोणत्या तारखेला, किती वाजून किती मिनिटांनी पाणी किती चढेल, हे त्यात असते. ज्या अमावास्येला आपल्याकडे एखादा तरुण मुलाखतीला जायचे टाळतो, त्याच अमावास्येला बंदराचा अधिकारी कोष्टक उघडून मोठ्या जहाजाला आत बोलावतो.

एक सेंटीमीटर म्हणजे पाच कंटेनर

आता आपल्या केळीकडे येऊ. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडी गावची अशी बावीस टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली, ही बातमी सरकारने मुद्दाम प्रसिद्ध केली होती. वीस-बावीस टन म्हणजे एक मोठा कंटेनर. बागेत घड कापणारा, तो खांद्यावरून बांधापर्यंत आणणारा, फण्या सुट्या करून धुणारा, खोके भरणारा, अशा कितीतरी जणांची मजुरी त्या एका कंटेनरमध्ये असते.

केळी हिरवी असतानाच कापतात आणि रीफर म्हणजे थंड कंटेनरमध्ये तेरा-चौदा अंशांवर ठेवतात. त्याहून जास्त गार झाली तर साल काळी पडते, त्याहून गरम झाली तर वाटेतच पिकू लागतात. म्हणजे केळीला दिवस मोजून दिलेले असतात. हा कंटेनर नाशिकमार्गे न्हावा-शेव्याला जातो. १९८९ साली सुरू झालेले हे बंदर मुंबईच्याच खाडीच्या पलीकडे, उरणकडे आहे.

भरलेले मोठे जहाज पाण्यात चौदा-पंधरा मीटर बुडते. खाडी स्वभावाने उथळ, म्हणून तिच्या तळाशी गाळ खोदून जहाजांसाठी वाट केली आहे. ती वाट दोन टप्प्यांत खोल केली, तरीही सर्वांत खोल बुडणारी जहाजे भरतीचे पाणी वापरूनच आत येतात. जहाजाचा तळ आणि खाडीचा तळ यांत काही अंतर राहिलेच पाहिजे, नाहीतर जहाज रुतेल. म्हणून पायलट पाहतो, पाणी किती वाजता पुरेसे चढेल आणि किती वेळ तसे राहील. तेवढ्या वेळात जहाज आत आले तर ठीक, चुकले तर पुढच्या भरतीपर्यंत साडेबारा तास बाहेर थांबणे आले.

हिशेब करून पाहू. तीनशे मीटर लांब आणि सुमारे त्रेचाळीस मीटर रुंद जहाज आणखी एक सेंटीमीटर पाण्यात बुडायला साधारण शंभर टन माल लागतो. शंभर टन म्हणजे केळीचे पाच कंटेनर. खाडीत एक सेंटीमीटर पाणी जास्त मिळाले तर जहाज पाच कंटेनर जास्त घेऊ शकते. एक मीटर मिळाले तर पाचशे. आता कळेल की बोटाच्या पेराएवढ्या पाण्यासाठी बंदरवाले इतके काटेकोर का असतात. पाणी कमी पडणार असेल तर जहाज कमी माल घेऊन निघते, आणि उरलेला कंटेनर बंदराच्या यार्डात वीज लावून पुढच्या जहाजाची वाट पाहत राहतो. यार्डाचे भाडे वाढते, केळीचे दिवस मात्र कमी होतात. शेवटी घाटा भरून काढायचा तो बागेतल्या भावातून आणि मजुरीतून.

मोठा डोंगर जहाजाला कळत नाही

इथवर भरतीची गोष्ट झाली. ती किनाऱ्याजवळची. खोल समुद्रात काय होते?

तिथे तर आणखी मोठे चढउतार आहेत. पृथ्वीच्या पोटात सगळीकडे सारखे वजन नाही. जिथे ते जास्त आहे तिथे ओढ जास्त, पाणी तिकडे गोळा होते. जिथे कमी आहे तिथे पाणी खाली बसते. जगातला सर्वांत मोठा असा खड्डा आपल्याच हिंदी महासागरात, श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे. पृथ्वीचा जो गुळगुळीत आकार गणिताने धरला जातो, त्याच्या तुलनेत तिथले पाणी शंभर मीटरहून अधिक खाली आहे. तिकडे न्यू गिनी बेटाजवळ ते सत्तर-ऐंशी मीटर वर आहे. दोन्ही मिळून फरक जवळजवळ आपल्या जळगावच्या उंचीएवढा.

मग जहाज त्या खड्ड्यात उतरताना वेगाने घसरत जाते काय? चढताना जास्त तेल जाळते काय? मुळीच नाही. आपल्यातले जे गवंडीकाम करतात त्यांना हे लगेच समजेल. तुमचा ओळंबा जिथे सरळ लोंबतो त्याला काटकोनात पाणी स्थिर राहते. त्या खड्ड्याच्या प्रत्येक जागी ओळंबा धरला तर तो पाण्याला काटकोनातच लोंबेल. नळीच्या पाणपातळीने मोजाल तर सगळे समतलच दिसेल. म्हणजे तिथे उतार असा नाहीच. शंभर मीटरचा खड्डा जहाजाच्या खिजगणतीतही नसतो.

वीतभर डोंगर मात्र वाट बदलतो

आणि याच्या उलट, ओळंब्याच्या हिशेबाने जी खरी समतल पातळी, तिच्याहून पाणी नुसते वीतभर किंवा हातभर वर-खाली झाले, तर जहाजाची वाट बदलते. वारा, उष्णता आणि पाण्यातले मीठ यांच्यामुळे असे उंचवटे आणि खळगे समुद्रावर सतत तयार होत असतात. शंभर-दोनशे किलोमीटर रुंद आणि वीत-दोन वीत उंच. डेकवर उभ्या माणसाला ते दिसणे शक्य नाही.

जळगावहून एरंडोल, पारोळा करीत धुळ्याला जा. अंतर नव्वद किलोमीटरच्या वर. एवढ्या लांबीत रस्ता फक्त एक मीटर चढला असे समजा. सायकलवाल्यालाही तो चढ कळणार नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून गल्फ स्ट्रीम नावाचा जो जगप्रसिद्ध प्रवाह वाहतो, त्याच्या दोन काठांच्या पातळीत साधारण एवढाच फरक आहे. शंभर किलोमीटरला एक मीटर. तेवढ्यावर जगातला एक बलाढ्य प्रवाह चालतो.

पाणी उतारावरून सरळ खाली येते, हे आपण नेहमी पाहतो. समुद्रावर इतक्या मोठ्या अंतरात तसे होत नाही. पृथ्वी फिरत असल्यामुळे वाहते पाणी आपल्या उत्तर गोलार्धात उजवीकडे वळत जाते आणि शेवटी उंचवट्यावरून खाली न उतरता त्याच्याभोवती फिरू लागते. रोजगार हमीच्या कामावर ज्यांनी डोंगराला समतल चर खणले आहेत, त्यांनी ते चर आठवावेत. चर डोंगर उतरत नाही, एकाच पातळीने डोंगराला वळसा घालतो. समुद्रातला प्रवाह तसाच पाण्याच्या टेकडीला वळसा घालतो. आपल्याकडे टेकडीभोवती तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, खळग्याभोवती उलटा.

म्हणून पाण्याची उंची कळली की प्रवाह कळतो. पश्चिमेकडे निघालेल्या जहाजाच्या वाटेत अशी पाण्याची टेकडी आली, तर तिच्या दक्षिण अंगाने गेलेले बरे. तिथे पाणी पश्चिमेकडे वाहत असते, ते जहाजाला पुढे ढकलते. उत्तर अंगाने गेले तर तेच पाणी छातीवर घ्यावे लागते.

फरक किती पडतो? जहाजाचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर. पंधरा नॉटने चालणाऱ्या जहाजाला एका नॉटचा प्रवाह आडवा आला तर दिवसाला चोवीस सागरी मैल बुडतात. पंधरा दिवसांत पूर्ण एक दिवस गेला. तो भरून काढायला वेग वाढवावा, तर तेल भसाभस जळते. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर इंजिनाला साधारण तेहतीस टक्के जास्त जोर लावावा लागतो. न्हावा-शेव्याहून दुबईला तीन-चार दिवसांच्या प्रवासात प्रवाहाचा वाटा लहान असतो, तिथे बंदरावरची भरतीच महत्त्वाची. पण युरोप-आफ्रिकेच्या लांबच्या प्रवासात प्रवाहाचा हिशेब केल्याशिवाय चालत नाही.

आपल्या अरबी समुद्रात हा हिशेब ऋतूप्रमाणे पालटतो. आफ्रिकेच्या सोमालिया किनाऱ्याजवळचा प्रवाह पावसाळ्यात उत्तरेकडे इतक्या जोरात वाहतो की काही ठिकाणी त्याचा वेग पाच-सहा नॉटवर जातो. त्याच्या शेजारी शेकडो किलोमीटर रुंदीचा एक भलामोठा भोवरा दर पावसाळ्यात तयार होतो. हिवाळ्यात प्रवाहाची दिशा फिरते. आपल्या कोकण-गोवा-केरळ किनाऱ्याजवळचे पाणीही पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहते. हिवाळ्यात किनाऱ्यालगतची सरासरी पातळी थोडी वर असते, पावसाळ्यात थोडी खाली. हे दक्षिणेकडे जास्त स्पष्ट दिसते. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावला येथे आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी या बदलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे.

खानदेशचा कापूस आणि केपची वाट

१८६१ ते १८६५ या काळात गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. तेव्हा खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईहून लिव्हरपूलला मोठ्या प्रमाणात जाऊ लागला. सुएझचा कालवा उघडला तो १८६९ मध्ये. त्याआधी या गाठींना अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जावे लागे.

त्या वाटेवर आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याला अगुल्हास नावाचा प्रवाह लागतो. तो नैर्ऋत्येकडे चार नॉटपर्यंतच्या वेगाने वाहतो. इकडून युरोपला जाणाऱ्या जहाजाला तो फुकटचा बैल. परत येणाऱ्याला तोच वैरी. म्हणून जाताना जहाजे प्रवाहात शिरत आणि येताना त्याला टाळत. त्यात धोकाही आहे. नैर्ऋत्येकडून वादळी वारा सुटला की वारा आणि प्रवाह समोरासमोर भिडतात आणि घराएवढ्या उभ्या लाटा उठतात. अशा वेळी अनुभवी कप्तान प्रवाहातून निघून किनाऱ्याकडच्या कमी खोल पाण्यात जातो.

हा इतिहास जुना झाला असे वाटत होते. पण २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ मध्ये अनेक मोठ्या कंपन्यांची जहाजे सुएझ सोडून पुन्हा केपला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला, भाडे वाढले आणि दीडशे वर्षांपूर्वी कापसाच्या जहाजांना जो प्रवाह सांभाळावा लागे, तोच कंटेनरच्या जहाजांपुढे आला. फरक एवढाच की तेव्हाचा कप्तान पाण्याचा रंग, ऊब आणि आधीच्या खलाशांच्या वह्या पाहून अंदाज करी. आताच्या कप्तानाला नकाशा मिळतो.

आकाशातून टेप लावतात

हा नकाशा उपग्रह बनवतात. १९९२ साली अमेरिका आणि फ्रान्स यांनी टोपेक्स-पोसायडन नावाचा उपग्रह सोडला. तो तेराशे किलोमीटरहून अधिक उंचीवरून समुद्राची पातळी अवघ्या काही सेंटीमीटरच्या अचूकतेने मोजू लागला. त्यानंतर आपल्या देशाने फ्रान्सबरोबर 'सरल' हा उपग्रह बांधला आणि २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून तो अवकाशात गेला.

मोजण्याची रीत साधी आहे. उपग्रह खाली रडारची लहर सोडतो, ती पाण्यावर आपटून परत येते आणि लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात. आठशे किलोमीटरवरून खाली जाऊन परत यायला एका सेकंदाचा सुमारे दोनशेवा भागही पुरतो. जिथे लहर लवकर परत आली तिथे पाणी वर, जिथे उशिरा आली तिथे खाली. भरती आणि ओळंब्याचा हिशेब वजा केला की उरतात त्या वीतभर टेकड्या. हैदराबादला १९९९ साली स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अशा मोजणीच्या आधारे समुद्राच्या स्थितीचे अंदाज रोज देते. जहाजांना, बंदरांना आणि मासेमारी करणाऱ्यांना ते मिळतात.

माहिती असूनही

इथे एक दुःखाची गोष्ट सांगावी लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रातून वर आले. हवामान खात्याने काही दिवस आधीपासून इशारे दिले होते. तरीही मुंबई हायजवळ तेलाच्या कामावरची पी-३०५ ही बार्ज भर समुद्रात राहिली. तिच्यावर अडीचशेहून अधिक माणसे होती, त्यांत बहुतेक कंत्राटी कामगार. नांगर तुटले आणि १७ मे रोजी ती बुडाली. ती आणि एक टग मिळून सत्तरहून अधिक माणसे गेली. नौदलाने उसळत्या लाटांतून शेकडोंना वाचवले.

लाटा आणि समुद्राची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण प्रश्न एकच. समुद्र कधी, कुठे, किती चढणार हे आज कळू शकते. ते कळल्यावर जहाज हलवायचे की थांबवायचे हे कोण ठरवतो, आणि ज्याचा जीव पणाला लागतो त्या कामगाराला ते कोण सांगतो? आमच्या मते इशारा ज्या भाषेत कामगार बोलतो त्या भाषेत, डेकवर, वेळेवर पोहोचला पाहिजे. आपली जी मुले उरण, पनवेल, मुंबईकडे गोदीच्या किंवा समुद्रावरच्या कंत्राटी कामाला जातात, त्यांनी कामावर चढताना पगाराबरोबर हेही विचारावे. वादळाची सूचना आली तर आम्हाला कोण, केव्हा आणि कुठे नेणार? हा प्रश्न विचारणे हा कामचुकारपणा नाही.

शिकण्याची एक वाट

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ साली, केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग त्यातूनच पुढे आला. पाण्याच्या कामात सिंचनाबरोबर जलमार्ग आणि नौकानयन यांनाही जागा हवी, हे त्या नावातच आहे. मजूर खाते आणि पाण्याचे खाते तेव्हा एकाच मंत्र्याकडे होते, ही गोष्ट आम्हाला अर्थपूर्ण वाटते.

आपल्या मुलांना आम्ही इंजिनियर आणि डॉक्टर व्हा असे सांगतो, ते योग्यच आहे. पण समुद्राची मोजणी, बंदराचे काम, जहाजावरची अधिकारीपदे, हवामान आणि उपग्रह यांतही शिक्षणाच्या वाटा आहेत. त्यांना पाया लागतो तो गणित, भूगोल आणि पदार्थविज्ञान यांचा. यासाठी किनाऱ्यावर जन्म घ्यावा लागत नाही.

घरच्या घरी करायला एक अभ्यास देतो. महिनाभर रोज संध्याकाळी चंद्राचा आकार वहीत काढा. त्याच्यासमोर मुंबईची भरतीची वेळ आणि उंची लिहा. मुंबईच्या वर्तमानपत्रांत ती येते, आता मोबाइलवरही मिळते. महिना संपला की पाहा, कोणत्या दिवसांत आकडा मोठा आणि कोणत्या दिवसांत लहान. अमावास्येच्या रकान्यासमोर काय येते, ते मुलांना स्वतःच्या हाताने लिहू द्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवू द्या. पुढच्या वेळी स्टेशनवर ती पिवळी पाटी दिसली, तर उत्तर देणारे तुमच्या घरातच असेल.